माझ्या तोंडावर विकलेला माल

त्या शनिवारी मी आयव्हर पेनहेलना भर दुकानात खोटारडं ठरवलं. सहा गिऱ्हाइकं उभी होती, त्यांतली एक बाई त्यांच्याच गल्लीतली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी भावावर कितीही तोंडसुख घेतलं तरी मला कोणी साव समजणार नाही.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या ऑल्बनीत, यॉर्क स्ट्रीटच्या उतारावर आमचं कॅमेऱ्यांचं दुकान. वडिलांनी थाटलेलं, नंतर माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं, डेन्झिलचं. खरेदी तो बघायचा, काउंटर माझ्याकडे. आणि काउंटरवर माझा एक राग ठरलेला होता. माणसं यायची, तासभर कॅमेरे हाताळायची, कुठली लेन्स घेऊ, खाऱ्या वाऱ्यात टिकेल का, सगळं मला विचारायची आणि दारातून बाहेर पडता पडता फोनवर तोच कॅमेरा स्वस्तात मागवायची. मग मी आतून ओरडायचे, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"घ्या, खुशाल घ्या! माल नकली नसतो, त्याच कारखान्यातला असतो. पण तो दुसऱ्या देशात विकायला पाठवलेला. कुणीतरी तिकडून उचलून, कंपनीला बाजूला ठेवून, इकडे आणलेला. ग्रे मार्केट म्हणतात त्याला. बिघडला की इथलं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत घेत नाही. तेव्हा माझ्याकडे रडत येऊ नका!"

आयव्हरनी हे भाषण चार-पाचदा तरी ऐकलं असेल. माणूस सत्तरीचा, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. हिवाळ्यात देवमासे किनाऱ्याजवळ येतात तेव्हा ते खडकावर थर्मास घेऊन बसत आणि माशांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या चट्ट्यांचे फोटो काढत. त्या चट्ट्यांवरून कुठली मादी परत आली ते ओळखता येतं. फोटो ते संशोधकांना पाठवायचे, फुकट. त्या कामासाठीच त्यांनी नवा कॅमेरा घेतला होता.

त्या शनिवारी त्यांनी तो काउंटरवर ठेवला, बाजूला पर्थच्या सर्व्हिस सेंटरचं पत्र.

"लोर्ना पोरी, हे जरा वाच. शटर अडकलं म्हणून पाठवला, तर हात न लावता परत पाठवलाय."

पत्रात दोनच ओळी होत्या. हा क्रमांक ऑस्ट्रेलियात विक्रीसाठी आलेल्या मालातला नाही. वॉरंटी लागू होत नाही.

माझ्या डोक्यात सणक गेली. "आयव्हर, तुम्हीसुद्धा? इतकं सांगून सांगून माझा घसा बसला आणि तुम्ही नेटवरून घेतलात?"

"नेटवरून? मार्चमध्ये तुझ्याकडूनच घेतला की."

"माझ्याकडचा माल असा परत येत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मग काय मी बोलतेय? स्वस्तात मागवायचा आणि बिघडला की लोर्नाच्या गळ्यात मारायचा! या वयात लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?"

आयव्हरचे कान लाल झाले. त्यांनी एकदा त्या गल्लीतल्या बाईकडे पाहिलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि निघून गेले. कॅमेरा तसाच काउंटरवर राहिला.

त्यांचा खोटेपणा पुराव्यानिशी दाखवावा म्हणून मी कॉम्प्युटरवर जुनी बिलं उघडली. बारा मार्च, पेनहेल, आणि क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. विक्रेता: लोर्ना.

गिऱ्हाइकांना घालवून मी दार लावलं आणि मागच्या खोलीत गेले. तिथले खोके डेन्झिलच उघडायचा. मला काउंटरवर मिळायचे ते त्याने "तपासून" ठेवलेले डबे. मी एक बंद खोका कापला. चार्जरच्या प्लगला दोन सरळ पात्या. आमच्याकडच्या प्लगच्या पात्या तिरक्या असतात, हा आमच्या भिंतीत जाणारच नाही. शेजारी पिशवीभर अडॅप्टर. वर्षभर ते अडॅप्टर मी गिऱ्हाइकांना हसून "आमच्याकडून भेट" म्हणून देत होते. कंपनीने आता सगळ्या जगासाठी एकच प्लग ठेवलाय असं डेन्झिल म्हणाला होता. वॉरंटी कार्डाचं विचारलं तर म्हणाला होता, हल्ली सगळं ऑनलाइन. मीही मान डोलावली होती.

डेन्झिल मागच्या पायरीवर बसून खिमा भरलेला मीट-पाय खात होता, कागदी पिशवीतला, सॉस लावून.

"डेन्झिल, हा माल कुठून येतो?"

त्याने खोका पाहिला, मग माझं तोंड. "एक व्यापारी आहे. हाँगकाँगचा. का?"

"का? का म्हणून विचारतोस?"

"हे बघ, ओरडू नकोस. माल अस्सल आहे. नेटवाल्यांच्या किमतीला टिकायचं तर दुसरा मार्ग काय होता? दुकान बंद करायचं?"

"ग्रे माल विकणं गुन्हा नाही, ते मलाही कळतं. पण मग तसं सांगून विकायचं! पाटी लावायची!"

"पाटी लावली असती तर कुणी घेतला असता?"

"कुणी घेतला नसता, म्हणूनच तू लपवलंस. आणि मी वेडी तुझ्या मालापुढे उभी राहून नेटवाल्यांना शिव्या घालत होते!"

त्याने तोंड पुसलं. "खरं सांगू? मला कधी खोटं बोलावंच लागलं नाही. तू इतक्या खात्रीने सांगायचीस की लोकांनी डबासुद्धा उघडून पाहिला नाही."

त्याच्या हातातला मीट-पाय मी हिसकावून अंगणात भिरकावला. सीगल तुटून पडले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने असं करू नये, पण मी केलं.

त्याच संध्याकाळी मी एमू पॉइंटला आयव्हरच्या घरी गेले. ते बटाटे सोलत होते, त्यांनी आत ये म्हटलं नाही. दारातच मी सगळं सांगितलं. कायद्याने जबाबदारी विकणाऱ्याची असते. नवा कॅमेरा देऊ नाही तर पैसे परत करू, म्हटलं. आणि माफी मागितली.

"झालं तुझं?" ते म्हणाले. "मला चोर ठरवलंस सहा माणसांसमोर. आणि माफी मागतेस माझ्या दारात, जिथे ऐकायला फक्त मांजर आहे."

"मग काय करू, सांगा."

"ते मी कशाला सांगू? तोंड तर तुझं मोठं आहे."

सोमवारी मी दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद लावला. गेल्या वर्षभरात आम्ही ग्रे माल न सांगता विकला. ज्यांनी घेतला त्यांनी तो परत आणावा. आयव्हर पेनहेल खरं बोलत होते, मी चुकले. डेन्झिलने तो टराटरा फाडला.

"अख्ख्या गावात आपली लाज घालवतेस?"

"आपली नाही. माझी माझी मी घालवतेय. तुझी तू सांभाळ."

मी दुसरा कागद लावला, या वेळी काचेच्या आतून, आणि दाराची किल्ली खिशात ठेवली. मग बिलांवरून एकेकाला फोन लावत बसले. एकेचाळीस फोन. काहीजण हसले, म्हणाले चालतोय तोवर असू दे. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकीने ऐन सीझनचं नाव घेत मला असं झोडपलं की फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गल्ल्यामागे खाली बसून होते. एकवीसजणांनी माल परत केला. त्यांचे पैसे फेडताना वडिलांच्या वेळची गाडी आणि दुकानाच्या वरचा मजला विकावा लागला.

आयव्हरनी नवा कॅमेरा घेतला नाही. फ्रीमँटलच्या एका म्हाताऱ्या कारागिराने, खर्च दुकानाचा, जुन्याचं शटर बदलून दिलं, पण त्याला सात आठवडे लागले. तोवर निम्मे देवमासे पिल्लांसकट निघून गेले होते. संशोधकांच्या यादीत त्या वर्षी ऑल्बनीसमोरच्या चार माद्यांपुढे "फोटो नाही" असं आलं. यादीची प्रत आयव्हरनी मला पोस्टाने पाठवली, सोबत एक शब्दही न लिहिता.

डेन्झिल भागीदारीतून बाहेर पडला. आता तो घराच्या गॅरेजमधून तोच माल नेटवर विकतो, ग्रे आहे असं ठळक अक्षरांत लिहून, आणि माझ्यापेक्षा बरं कमावतो. ख्रिसमसला आईकडे जेवताना त्याने कोळंबीचं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "बघ, पाटी लावूनसुद्धा लोक घेतात की. उगाच आकांडतांडव केलंस."

"मग तेव्हाच का नाही लावलीस?" मी विचारलं.

आई म्हणाली, आज तरी भांडू नका. डेन्झिल कोळंबी सोलत राहिला. मी प्रश्न मागे घेतला नाही.