पांढरीचं वय

खंडेराव मास्तरांना एकच वेड होतं: आपलं गाव इतिहासाच्या पुस्तकात यावं. निफाडपासून तीन कोसांवरचं, गोदाकाठचं गाव ते. ऊस आणि नव्यानं लागलेली द्राक्षं सोडली तर कोणी कशासाठी नाव घेत नव्हतं. मास्तर नाशिकच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायचे, रोज एस.टी.नं जाऊन-येऊन. मुलांकडून तहांची कलमं घोकून घ्यायची आणि संध्याकाळी परतताना मनाशी चरफडायचं, की एवढ्या मोठ्या इतिहासात आपल्या गावाला एक ओळ मिळू नये म्हणजे काय!

ती ओळ आपल्याच मळ्यात पुरलेली आहे, अशी त्यांची खात्री होती. मळ्याच्या टोकाला, नदीच्या अंगाला एक पांढर होती. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची राखट माती. कधीकाळी चुली पेटल्या, भिंती पडल्या, तिथली. त्या तुकड्यात कुणी नांगर घालत नसे, गुराखी गुरं तिकडे वळू देत नसत. आणि मास्तरांची आई साळूबाई दर सर्वपित्री अमावास्येला तिथं दही-भाकरी ठेवून यायची. का, म्हणून विचारलं तर सासूनं सांगितलं म्हणून, एवढंच उत्तर. मास्तरांना तेवढं पुरे होतं. ही हजारो वर्षांची श्रद्धा आहे, असं ते शिक्षकांच्या खोलीत टेबलावर हात आपटून सांगायचे.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात नदीनं पांढरीची कड खाल्ली आणि काळ्या राखेचा थर उघडा पडला. मास्तरांनी पुण्याच्या एका पुरातत्त्वाच्या प्राध्यापकांना सात पत्रं लिहिली. दिवाळीनंतर ते बिचारे एकदाचे आले, वर विखुरलेली चारदोन नक्षीची खापरं बघून म्हणाले, एक लहानसा खड्डा घेऊन पाहू. मास्तरांनी चार माणसं लावली. त्यात भिका होता. बौद्धवाड्यातला, साठी उलटलेला माणूस. मास्तरांच्या मळ्यात त्याचा जन्म गेलेला.

प्राध्यापकांनी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. दोरी कुठं पडली ते भिकानं पाहिलं आणि कुदळ खाली ठेवली.

"इथं माझ्यानं कुदळ चालायची नाय, मास्तर."

पुण्याच्या पाहुण्यांसमोर गड्यानं असं म्हणावं, हे मास्तरांना झोंबलं. ते मोठ्यानं म्हणाले, "अरे, आता तुम्ही बुद्ध झालात ना? मग भुताला कसला भितोस?" बाकीची माणसं फिदीफिदी हसली. भिकानं क्षणभर मास्तरांकडे पाहिलं, खांद्यावरचा पंचा झटकला आणि तो चालता झाला. मास्तरांनी हा किस्सा पुढं वर्षभर चहाबरोबर चवीनं सांगितला, तोही भिकाचा आवाज काढून.

खड्ड्यात जळक्या लाकडी मेढी निघाल्या, कोळसा निघाला आणि राखेच्या पोटात मूठभर बारीक हाडं. प्राध्यापकांनी कुणाला हात लावू दिला नाही. चिमट्यानं एकेक तुकडा उचलून चांदीच्या कागदात गुंडाळला. खापरं वरची आहेत, राख खालची. दोघांचं नातं काय ते आत्ताच सांगता येत नाही, असं ते परत परत म्हणाले. झाड काय, माणूस काय, जिवंत असेतो हवेतला कार्बन घेतो. मेल्यावर घेणं थांबतं आणि त्यातला एक प्रकार ठरलेल्या वेगानं झिजत जातो. किती उरला ते प्रयोगशाळेत मोजायचं, की मरून किती वर्षं झाली ते कळतं. निकाल यायला वर्ष लागेल, तोवर धीर धरा.

धीर! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. महिन्याभरात एस.टी. थांब्यावर पाटी लागली: 'तीन हजार वर्षांचा वारसा लाभलेले गाव'. पाटीचं अक्षर मास्तरांचं. ग्रामपंचायतीनं निकाल आला की सत्कार करायचं ठरवलं, आणि मास्तरांनी भाषणसुद्धा लिहून ठेवलं.

निकाल आला एकोणऐंशीच्या जानेवारीत. मास्तरांनी पाकीट ओट्यावर बसून फोडलं. कोळसा अर्वाचीन, दीडशे वर्षांच्या आतला. त्याहून नेमकं या पद्धतीनं सांगता येत नाही. हाडंही तेवढ्याच वयाची. पाठवण्याआधी हाडं एका जाणकार सहकाऱ्यांना दाखवली होती, ती चारेक वर्षांच्या मुलाची असावीत. एखादी झोपडी जळाली असेल, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहावं. सहानुभूतीची एक ओळ आणि सही.

सारं गाव हसणार होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. शेजारी साळूबाई सुपात मठ निवडत बसली होती. मास्तर तिच्यावरच वैतागले. म्हणाले, घे, तुझी पांढर दीडशे वर्षांचीसुद्धा नाही, कुणाच्या तरी पोराची हाडं निघाली, आणि तू जन्मभर तिला दही-भाकरी घालत आलीस.

साळूबाईचा हात सुपात थांबला.

"ते पोर तुझ्या आज्यानं जाळलं, खंडू," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिला तिच्या सासूनं मरताना सांगितलं होतं. प्लेगाच्या साली गाव उठून शेतात झोपड्या घालून राहिलं होतं. आजोबा गावचे पाटील. त्यांच्या गोठ्यात शेणघाण करणाऱ्या बाईला काखेत गाठ आली. ती पांढरीवरच्या खोपटात पडून होती, जवळ तिची चार वर्षांची पोर. नवऱ्याला पाटलांनी टपाल देऊन निफाडला पिटाळलं. तान्हा मुलगा तेवढा त्यानं पाठीला बांधून नेला. त्याची पाठ वळल्यावर पाटलांनी खोपटाला काडी लावायला सांगितली. रोग गावात यायला नको. बाई मेलीच आहे, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. पोर मात्र मेली नव्हती. तिचा आवाज सासूनं स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

तो पाठीला बांधलेला तान्हा म्हणजे भिकाचा बाप.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांनी केलं ते केलं. पण भुताला भितोस का, हे तर त्यांनी स्वतः विचारलं होतं, हसत, चार माणसांत. आणि नंतर वर्षभर त्या माणसाची नक्कल करून टाळ्या घेतल्या होत्या! चार दिवस त्यांनी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. शाळेत रजा टाकली. गावात विचारलं की म्हणायचे, निकाल यायचाय अजून. झाकली मूठ सव्वा लाखाची; आणि मूठ झाकलीय याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी ते बौद्धवाड्यात गेले. भिका अंगणात दोरी वळत होता. बापाच्या वयाच्या या माणसाला ते आजवर अरे-तुरेच करत आले होते. त्या दिवशी तोंडातून 'अहो' निघालं आणि ते आणखीच ओशाळले. पत्रात काय आहे ते सांगितलं, आईनं काय सांगितलं तेही सांगितलं. तुम्हाला ठाऊक होतं तर तेव्हाच का नाही बोललात, असं विचारलं.

"कुनाला सांगायचं?" भिका म्हणाला. "रान तुमचं, गाव तुमचं."

मग दोरी बाजूला ठेवून त्यानं एकच मागणं केलं. "धोंडी नाव तिचं. माझी आत्या. ती हाडं तेवढी परत मागवा, मास्तर. मातीत ठेवू, वंदना घेऊ. इतकी वर्षं तिला कुनी नीट ठेवलंच नाय."

मास्तर जवळजवळ धावतच घरी आले. करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. त्याच दिवशी प्राध्यापकांना पत्र टाकलं, आजोबांच्या नावासकट सगळं लिहिलं, हाडं परत पाठवा म्हणून हात जोडले.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. हाडाचं वय काढायचं तर ते आम्लात विरघळवावं लागतं, आणि उरतं ते जाळून त्याचा वायू करावा लागतो. हाडं मुळात थोडी होती. निम्मी मागं ठेवू, असं आम्ही सुचवलं होतं. निकालात शंका राहायला नको, सगळीच पाठवा, असा आग्रह आपणच धरलात. त्यामुळे काहीही शिल्लक नाही. क्षमस्व.

मास्तर पत्र घेऊन नदीवर गेले. काठावर एका मेंढराची हाडं उन्हानं पांढरी होऊन पडली होती. ते खाली बसले, दोन बारीक तुकडे उचलले, रुमालात बांधले. कुणाला कळणार होतं? भिकाला बरं वाटलं असतं, वंदना झाली असती, ते स्वतः मागं उभे राहून हात जोडून मोकळे झाले असते. रुमाल खिशात घालून ते बौद्धवाड्याच्या वळणापर्यंत आले. तिथं त्यांना स्वतःची अशी काही शिसारी आली की त्यांनी रुमाल सोडून हाडं बांधावर फेकली आणि हात धोतराला पुसले.

भिका दारातच उभा होता. मास्तरांना रस्त्यावरून येताना त्यानं पाहिलं होतं. त्याच्या सुनेनं ओटा सारवून ठेवला होता आणि कोपऱ्यात एक कोरं गाडगं, त्यावर पांढरं फडकं. मास्तरांचे हात रिकामे बघूनही तो वाट बघत राहिला.

"ती हाडं मिळणार नाहीत," मास्तर म्हणाले. "वय काढताना जाळावी लागतात. सगळी जाळली. काही ठेवायचं का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मीच सांगितलं, सगळी पाठवा."

भिकानं गाडग्यावरचं फडकं काढलं, घडी घातली.

"म्हंजे तुमच्या घरानं दोन डाव जाळली तिला."

"हो," मास्तर म्हणाले.