खालचा लिव्हर

मेहुण्याने माझा जीव वाचवला, असं जो तो म्हणतोय. सकाळपासून ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. काही वाचवला नाही त्याने. माझ्या जिवाला काही झालंच नव्हतं! पण हे सांगू कुणाला?

आम्ही दोघं बूम लिफ्टवर कामाला. गाडीवर बूम, म्हणजे लांबलचक लोखंडी हात, त्याच्या टोकाला बास्केट. बास्केटमध्ये मी, गोदामाचे पत्रे बसवणारा. खाली मेहुणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. खालच्या माणसाने काय करायचं? मान वर करून उभं राहायचं, आणि वरच्याला काही झालं की धावत जाऊन गाडीवरचा लिव्हर ओढून त्याला खाली आणायचं. चाळिशीला आला तरी धांदरट तो धांदरटच, पण या कामात कधी चुकायचा नाही. मी चढायच्या आधी रोज लिव्हर ओढून बघायचा.

"ताईने सांगितलंय दाजी, नवरा होता तसा परत आण."

"होता तसा कशाला? थोडा सुधारून मागितला असेल," मी म्हणायचो. मग आमचं काम सुरू व्हायचं.

काल दुपारी मागच्या चाकाखालची फरशी खचली. गाडी कलली आणि बूम जाऊन शेजारच्या विजेच्या लाइनला टेकला. फाडकन आवाज, निळा लोळ. अख्ख्या गाडीत करंट. पण अशा वेळी बास्केटमधला माणूस म्हणजे तारेवर बसलेलं पाखरू. जमिनीशी संबंध येत नाही तोवर तो शाबूत. मरतो तो जमिनीवर उभा राहून गाडीला हात लावणारा.

मेहुणा लिव्हरकडे धावला. मी केकाटलो, "मागे हो! हात लावलास तर याद राख!"

थांबला बिचारा. "अहो पण दाजी, तुम्ही..."

"मी ठणठणीत आहे! लांब जा आणि लाइनवाल्यांना फोन कर!"

जमिनीतही करंट पसरतो, म्हणून पाय जुळवून, शिकवलं होतं तसा, इंच इंच मागे सरकला. फोन केला. एवढा बाप्या, पण डोळ्यांना धार लागलेली.

"रडतोस काय? मी मेलोय का?"

मग तारेतली चरचर थांबली. एकदम शांत. त्याचा चेहरा असा उजळला!

"लाइट गेली, दाजी! आलोच!"

लाइट गेली म्हणजे लाइन बंद झाली, असं नसतं. असा फटका बसला की लाइन तेवढ्यापुरती जाते आणि थोड्या वेळाने आपोआप परत येते. लाइनवाला समोर येऊन 'बंद केली' म्हणेपर्यंत ती जिवंतच समजायची. आम्हा दोघांकडूनही हे घोकून घेतलं होतं. त्यालाही पाठ होतं. पण वर मी होतो, समोर लिव्हर होता, आणि संध्याकाळी ताईला तोंड दाखवायचं होतं.

मी घसा फाडून ओरडलो. नको नको ते बोललो, त्याला आईवरून शिवी हासडली. माझ्या शिव्यांना तो कधी भ्यायला? हसतच आला. लिव्हर ओढला, बास्केट जराशी खाली आली, आणि लाइन आली.

नंतर लाइनवाल्यांनी मला उतरवलं. अंगावर ओरखडा नव्हता.

आता घर माणसांनी भरलंय. बायको मान खाली घालून भिंतीला टेकून बसलीये. शेजारचे म्हणतात, "भाऊ असावा तर असा." ओरडून सांगावंसं वाटतं, अहो, उगीच गेला तो! नुसतं उभं राहायचं होतं त्याने! या वेळी मी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात सासूबाई उठून आल्या. त्यांनी माझे हात हातात घेतले, बोटं चाचपली, मग दंड, मग गाल.

"कुठे लागलं नाही ना, जावईबापू?"

"नाही, आई."

"बरं झालं. माझं लेकरू कामी आलं."

त्या हात सोडेनात. बायकोनेही मान वर केली होती. आणि मी, जन्मात कुणाचं ऐकून न घेणारा, म्हणालो, "हो आई. त्यानेच उतरवलं मला."