लोखंड्याच्या फेट्याखाली

तानाबाईला त्या दिवशी असा राग चढला होता, की तिनं नुसतं वळून पाहिलं अन् मांडवातल्या पंख्याचा वारा गरम झाला. गाव केळझरच्या अलीकडचं. नाव लिहिलं तर लाठ्या पुन्हा बाहेर निघायच्या, म्हणून राहू द्या.

चाळीसेक वर्षांमागं या गावात यादवी पेटली होती. तलावाची मोरी कोणत्या अंगाला उघडायची, एवढंच निमित्त. नाल्याच्या वरचा मोहल्ला एकीकडं, खालचा दुसरीकडं. सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडत. त्यात खालच्या मोहल्ल्यातून एक लढवय्या उठला. धोतर, सदरा, तोंडावरून फेट्याचा शेमला. डोक्यावर लाठी बसली, की लाठीचेच दोन तुकडे. लोकांनी नाव ठेवलं लोखंड्या. नाल्याच्या दोन्ही उतारांवर तो एकाच वेळी दिसायचा म्हणे. कोण होता, कधी कळलंच नाही.

आज त्याच्या पुतळ्याचं अनावरण होतं. मिशा अशा, की दोन्हीकडं एकेक पोपट आरामात बसावा. शेजारी शाल पांघरून, नारळ धरून म्हातारा रूपराव उभा.

"आता लपवून काय फायदा?" तो माईकवर बोलला. "थो लोखंड्या मीच होतो."

तानाबाई उठली.

"रूपराव, दोन्ही उताराले एकाच टायमाले कसा होता रे तू?"

"देवाची करणी, तानाबाई."

"देवाची करणी कडब्याच्या गंजीत दडून बसलती! भाकर कोण आणून देत होतं तुले? तुही बायको. तुहंच धोतर नेसून!"

रूपरावाचा नातू रजत गावचा सरपंच. तो धावत आला.

"आजी, बसा न. या वयात होते असं."

"माह्या वयाले हात लावू नको. तुही आजी मनकर्णा कशी मेली, सांग."

"विहिरीच्या पायरीवरून पडलती."

"कोणं सांगतलं?"

रजतनं आजोबांकडं पाहिलं. आजोबांनी नारळाकडं.

तानाबाईनं पदराखालून कापडाचं गुंडाळलेलं कडं काढलं. चुंबळ. हांडा डोक्यावर घेताना बाया खाली ठेवतात ती.

"हे होतं फेट्याखाली. आमी दोघी होतो, एक या उताराले, एक त्या. गावातल्या एका तरी बाप्यानं जन्मात पाण्याचा हांडा वाह्यला असता, तर समजलं असतं त्याले. पण पाणी भरावं बाईनं, अन् डोकं लोखंडाचं माणसाचं!"

मागं बसलेल्या बाया हसल्या. तानाबाई हसली नाही.

"शेवटच्या दिवशी माही चुंबळ नाल्यात वाहून गेली. मनकर्णानं स्वतःची काढून माह्या डोक्यावर ठेवली. घाव तिच्या मोकळ्या डोक्यावर बसला. डॉक्टरले बलाव म्हणून मी याच्या पाया पडली. हा म्हणे, बायको धोतरात सापडली तर माही इज्जत जाईन. आधी लुगडं नेसवलं, विहिरीपाशी नेऊन ठेवलं, मंग लोकं बलावले. तोवर थे थंडी पडलती."

"खोटं!" रूपराव ओरडला. "पुरावा काय हाय?"

"पुरावा तुह्या खांद्यावर हाय. थे लोखंडाचं डोकं." तिनं मांडवाला टेकवलेली आपली काठी उचलली.

काठी वर गेली मात्र, रूपरावानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. शाल पडली, नारळ घरंगळत पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या पायांशी गेला.

तानाबाईनं काठी खाली घेतली. "जाताना तिनं शपथ घातलती मले, याची अब्रू सांभाळजो म्हणून. सांभाळली. पण याले तिचा घावबी पाहिजे?"

रजत आजोबांपुढं येऊन उभा राहिला. "आबा, तवा डॉक्टर कोठी राहत होता?"

रूपराव पडलेली शाल उचलायला वाकला.

"बाजूच्या घरी," तानाबाई म्हणाली.

मग ती पुतळ्याकडं वळली अन् डाव्या मिशीवर असा रट्टा हाणला, की मिशी उडून पार सेलूच्या रस्त्यावर पडली. निदान ज्यांनी पाहिलं ते तसं सांगतात. काठी तिनं रजतपुढं धरली.

"ही मिशी माही होती. दुसरी तुह्या आजीची. पाड."

रजतनं आजोबांकडं एकदा पाहिलं, अन् काठी घेतली.