हायड्रो हाय, हायग्रो नाय

तपासणीचे साहेब अकराला येणार होते आणि साडेदहाला दिपेश बोईसरहून पेटी घेऊन आला. हिमानीने ती उघडली. आत काचेची लांबोडकी नळी, खाली शिसं भरलेला फुगा.

"हा हायड्रोमीटर आहे."

"मग? दुकानात हायड्रो हाय, हायग्रो नाय. एका अक्षरापायी दांडी गावात हात हलवत येऊ?"

हिमानी बोईसरच्या क्लासमध्ये विज्ञान शिकवायची. ग्रीक मुळं ही तिची खासियत. थर्मो म्हणजे उष्णता, बॅरो म्हणजे भार, हायड्रो म्हणजे पाणी, हायग्रो म्हणजे ओल. मीटर सगळ्यांच्या शेपटाला. मुलं पाठ करून विसरत. नवरा दिपेश पाठ न करताच विसरला होता.

"हा द्रवात बुडवतात. हवेतली ओल मोजणारं यंत्र भिंतीवर नसेल, तर आपल्या सुक्या बोंबलांच्या गोदामाचा परवाना गेला."

"पानी येगलं, वल येगली," सासूबाई येसूबाई म्हणाल्या. "तुजे ग्रीक हुशार. माजा पोरगा नाय. टांग रे ते भिंतीला."

दिपेशने नळी सुतळीने टांगली. तेवढ्यात साहेब आलेच. त्यांनी फरशी पाहिली, जाळ्या पाहिल्या आणि नळीपुढे थांबले.

"हे काय?"

हिमानी म्हणाली, "हायड्रोमीटर."

साहेबांचं बोट छापील फॉर्मवरून खाली सरकलं. "ओलावा मोजण्यासाठी भिंतीवर हायड्रोमीटर असावा," त्यांनी वाचलं. "आहे." आणि बरोबरची खूण केली.

हिमानीने फॉर्ममध्ये डोकावून पाहिलं. या चुकीसाठी ती मुलांचा अर्धा मार्क कापायची. हात शिवशिवला.

"साहेब, त्यात एक अक्षर—"

येसूबाईंनी तिच्या पायावर पाय ठेवला. येसूबाई बॅरो प्रकारातल्या होत्या.

"रीडिंग?" साहेबांनी पेन उघडं धरलं.

दिपेश छत निरखू लागला. नळी सुतळीला मुकाट लटकत होती.

येसूबाईंनी जागेवरूनच हात लांबवला, ढिगातला एक बोंबील उचलला आणि साहेबांच्या कानापाशी मोडला. कट्ट.

"साठ टक्क्यांच्या आत. वल असती तर वाकला असता."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं: ५८. मग हिमानीकडे वळले.

"तुम्ही अक्षराचं काहीतरी म्हणत होतात?"

पायावरचा भार वाढला.

"तुमचं अक्षर छान आहे, साहेब."

साहेब खूश होऊन सही करून गेले. गाडी वळणाआड झाल्यावर येसूबाईंनी पाय उचलला.