लोणीमावशीचा ब्रेक

"आली रे आली, लोणी आली! फाटक लवकर उघडा, नाहीतर उन्हात वितळायची बाई!"

तुफान ओरडला तसे गोदामातले सगळे ड्रायव्हर हसले. मावशीने व्हॅन इतकी अलगद उभी केली, की ती कधी थांबली ते कुणाला कळलंच नाही. डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला तरी तिच्या गाडीत थेंब सांडायचा नाही. म्हणून तिचं नाव लोणी. आणि ज्याच्या गाडीत बसणारा देवाचं नाव घेतच उतरायचा, तो तुफान.

"हस मेल्या, हस," मावशी पार्सलं चढवत म्हणाली. "आज संध्याकाळी कायम झाले की चहा तुलाच पाजते."

नोकरीत कायम व्हायचं तर सासूला खूश ठेवावं लागे. सासू म्हणजे प्रत्येक व्हॅनच्या काचेला चिकटवलेलं कॅमेऱ्याचं खोकं. पट्टा लावला का, दार किती वेळ उघडं राहिलं, ब्रेक किती जोरात दाबला, सगळ्यावर तिचा डोळा. काही चुकलं की लाल दिवा लावून किंचाळायची. संध्याकाळी तिच्या चहाड्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर यायच्या, आणि एकेकाचं नाव हिरवं, पिवळं नाहीतर लाल व्हायचं. वर्षभर हिरवा राहील तो कायम. बाकीच्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचं.

मावशी वर्षभर हिरवी होती, आणि आज वर्षाचा शेवटचा दिवस होता. मागे अंगात ताप असताना तिने चार मजले चढून खोकी पोचवली होती, कारण रजा म्हणजे पगार बुडाला. आजारी पडून बिनधास्त झोपायचं, एवढीच तिची चैनीची कल्पना.

शेवटची फेरी. अरुंद गल्ली. पुढे तुफानची व्हॅन वाकडीतिकडी लावलेली. मावशी हळूच बाजूने काढत होती, आणि त्या व्हॅनमागून दोन पाय असलेला खोक्यांचा ढीग सरळ तिच्या चाकापुढे आला.

कचकन ब्रेक! सासू किंचाळली. मागची पार्सलं धडाधड पुढे आली. ढीग कोसळला आणि त्यामागून तुफान निघाला, पांढराफटक.

"जिवंत आहेस ना रे?"

"आहे बहुतेक." तो रस्त्यावरच बसला. मग त्याला काचेवरचा लाल दिवा दिसला. "मावशी... अगं, आज तुझा शेवटचा दिवस होता ना?"

मावशीला रडूच फुटलं. त्याच्यावर चिडावं की तो वाचला म्हणून देवाला हात जोडावेत, तिला कळेना. शेवटी दोन्ही केलं.

संध्याकाळी पडद्यावर तिचं नाव लालभडक.

"साहेब, ब्रेक नसता मारला तर हा मेला असता," ती गोदामाच्या साहेबांना म्हणाली.

"मला समजतंय हो मावशी. पण ब्रेक म्हणजे ब्रेक. यंत्र कारण विचारत नाही."

"आणि उडवला असता तर?" तुफानने विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "अपघात वेगळ्या रकान्यात जातो. ब्रेकचा रकाना हिरवाच राहिला असता."

चूक खोडायचा अधिकार साहेबांना होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण वर त्यांचीही एक सासू होती. प्रत्येक खोडाखोड त्यांच्या नावावर मोजली जायची, म्हणून त्यांनी आजवर काहीच खोडलं नव्हतं. मावशी घरी गेली. नवऱ्याने विचारलं, तर म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू," आणि भांडी इतकी आदळली की तो उठून बाहेर जाऊन बसला.

सकाळी तुफानची व्हॅन सगळ्यांत आधी निघाली. फाटकापर्यंत सुसाट गेली आणि कचकन थांबली. सासू किंचाळली. मागे घेतली, पुन्हा सुसाट, पुन्हा कचकन. त्याच्यामागून दुसरी व्हॅन, मग तिसरी. बघता बघता अख्ख्या आवारात सासवांचा कल्ला उठला.

साहेब धावत आले. "अरे, वेड लागलं का तुम्हाला? सगळं गोदाम लाल झालं!"

"ब्रेक म्हणजे ब्रेक, साहेब," तुफान खिडकीतून म्हणाला. "कारण विचारायचं नाही."

साहेबांच्या खिशात फोन वाजू लागला. वरून होता, आणि थांबेचना. त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि एकदा मावशीकडे. ती कोपऱ्यात तोंडावर पदर धरून उभी होती. हसत होती की रडत होती, कुणास ठाऊक. मग त्यांनी फोन कानाला लावला.

"हो, लालच आहे. कारण? कारण काल आमच्या एका ड्रायव्हरने माणूस वाचवला आणि मी तिला लाल केलं. ते मी आत्ता खोडतोय. लावा माझ्या नावावर."

पडद्यावर तिचं नाव हिरवं झालं तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की सासवासुद्धा ऐकू येईनात. तुफानने मावशीला मिठीच मारली. "सोड रे, गाढवा," ती म्हणाली आणि आणखी घट्ट धरलं.

"मावशी, आता एक कचकन तुझा पण होऊन जाऊ दे!" कुणीतरी ओरडलं.

"आपल्याला नाही जमत बाबा ते."

तुफानने काठोकाठ भरलेला चहाचा कप तिच्या डॅशबोर्डवर ठेवला. सगळ्यांनी गाड्या बाजूला घेतल्या. मावशी मधून निघाली, फाटकाशी थांबली, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि रस्त्याला लागली. कपातला चहा हलला नाही.