तसराळ्यातले हात

मुयस्सर आपाच्या उजव्या अंगठ्याच्या टोकावर रेषा नाहीत. भिंगातून पाहिलं तर कडेला दोन-तीन पुसट वळणं दिसतात; मधली त्वचा नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत आहे. रेशीमकोषांच्या गरम पाण्यात उभा जन्म बोटं बुडवली की असं होतं. मुलाने परदेशातल्या कझान शहरातून पाठवलेला फोन तिचा अंगठा ओळखत नाही, म्हणून ती तो करंगळीने उघडते.

त्या फोनवर मुलगा दर रविवारी एकच विचारायचा. घर विकून इकडे कधी येतेस? आपा आधी म्हणायची, जर्दाळू उतरू देत. मग, थंडी सरू दे. अशी काही वर्षं गेली. नाही म्हणत नव्हती, हो म्हणत नव्हती. यंदा तिला नवं कारण मिळालं होतं: नाटक होऊ दे.

नाटक आमच्या बंद पडलेल्या रेशीम गिरणीचं होतं. मी तिथे प्रयोगशाळेत धाग्याची जाडी मोजायचे. सांस्कृतिक भवनात नाटकं बसवणारा रवशन गिरणीच्या बसचालकाचा मुलगा. तो हिवाळाभर घरोघरी चहा पीत हिंडला, बायकांच्या आठवणी ऐकल्या आणि शेवटी त्यांनाच रंगमंचावर उभं केलं. पाठ करायला एक वाक्यही दिलं नाही.

"तेव्हा जे करत होता, बोलत होता, तेच करायचं," तो म्हणाला.

"शिव्या पण?" त्यांच्यातल्या इनोबतने विचारलं.

"शिव्या पण, खाला."

"मग तुझ्या बापापासूनच सुरू करते. एक दिवस बस वेळेवर आणली असेल तर शपथ."

सगळ्या हसल्या. रवशनही हसला आणि ते वाक्य नाटकात गेलं.

तालमीत मी त्यांचे हात पाहत बसायचे. समोर नुसतं कोमट पाणी आणि कापसाचे गोळे होते, तरी बोटं बरोबर त्याच वेगाने फिरत. खऱ्या तसराळ्यात, त्या गरम पाण्याच्या पसरट भांड्यात, कोष पाण्यावर नाचत असतात. सात-आठ कोषांचे तंतू एकत्र ओढून एक धागा होतो. एक कोष संपला की लगेच नव्याचा तंतू जोडायचा, नाहीतर धागा बारीक होतो. म्हणून पाळी बदलताना आमच्याकडे एक रीत होती. येणारीचे हात पाण्यात पडेपर्यंत जाणारीने आपले काढायचे नाहीत. हा नियम कुठे टांगलेला नव्हता. पण पाळी बदलण्याच्या वेळचा धागा मी कितीदा तरी तपासला असेल. तो कुठे बारीक झालेला मला सापडला नाही.

अडलं ते शेवटच्या प्रवेशात. त्यात गिरणीची वीज जाते, यंत्रं थांबतात आणि बायका एकेक करून बाहेर पडतात. मुयस्सर आपा तसराळ्यापाशीच उभी राहायची.

"आपा, हात काढा ना," रवशन म्हणायचा.

"कुणाच्या भरवशावर?"

"गिरणी बंद झाली, आपा."

"मला काय सांगतोस? मी होते तिथे."

मीही होते. त्या दिवशी दुसरी पाळी बोलावलीच नव्हती. पाणी गार होईपर्यंत ही तशीच उभी होती. शेवटी पहारेकऱ्याने दंडाला धरून तिला बाहेर नेलं.

रवशनने मग आग्रह सोडला. ती हात बुडवून उभी असतानाच दिवे मालवायचे, असं ठरलं. वसंतात कोकंद शहरात प्रयोग करायचं आमंत्रण होतं. तेवढ्यासाठी याल ना, असं त्याने आपाला दोनदा विचारलं. "आधी इथला होऊ दे," एवढंच ती म्हणाली.

प्रयोगाला सभागृह भरलं. बहुतेक प्रेक्षक गिरणीतलेच. बसच्या वाक्याला रवशनचा बाप सर्वांत मोठ्याने हसला. शेवटी यंत्रांचा आवाज थांबला, बायका गेल्या. मुयस्सर आपा एकटी उरली.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली तुर्सुनोय आपा काठी टेकत उठली. गिरणी चालू होती तोवर ती याच तसराळ्यावर दुसऱ्या पाळीला असायची. शेजारणीने तिची बाही ओढली.

"बसा हो, नाटक आहे."

"ती कधीची ताटकळतेय. पाळीला कुणी जायचं की नाही?"

रवशनचा हात दिव्याच्या बटणावरच राहिला. तुर्सुनोय आपा पायऱ्या चढली, काठी टेबलाला टेकवली, बाह्या वर केल्या.

"सरक," ती म्हणाली. "उशीर झाला मला. बस चुकली."

तिने हात पाण्यात घातले. मुयस्सर आपाने क्षणभर वाट पाहिली, मग आपले बाहेर काढले. खालून आणखी काही बायका उठल्या आणि बोलत बोलत रिकाम्या तसराळ्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. टाळ्या वाजवायचं लोकांना उशिरा सुचलं.

मी पडद्याआड टॉवेल घेऊन उभी होते. आपाने सावकाश हात पुसले, एकेक बोट. तिचा चेहरा पाळी संपवून चहाला निघालेल्या बाईचा होता. रवशन धावत आला.

"आपा, हे असंच ठेवू या. कोकंदलाही असंच."

"ठेव की," ती म्हणाली. "पण तिथे माझ्या जागी इनोबतला उभी कर. मी कझानला चाललेय, मुलाकडे."