भांड्याला लावलेलं पीठ

ताईने केकच्या भांड्याला लोणी फासलं, बरणीतला चिमूटभर मैदा आत भुरभुरला आणि भांडं फिरवून ओट्यावर आपटलं.

"ताई, हे काय टाकलंस?" दारात उभ्या असलेल्या धाकटीने विचारलं.

"कुठे काय? केक तांदळाच्या पिठाचा आहे. गव्हाचा कणही नाही त्यात."

"आणि भांड्यात?"

"ते होय! ते केकमध्ये नाही गं, भांड्याला लावलंय. नाहीतर चिकटेल की."

बोलता बोलता ताईने ओट्यावरच्या भांड्याकडे पाहिलं. मैदा म्हणजे गहूच, हे बेकरीत निम्मा जन्म घालवलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. पण मिश्रणात पडतं तेवढंच सामान, भांड्याला लागतं ते कशातच धरायचं नाही, असं तिच्या हातांना वळण पडलेलं. धाकटीला गव्हाची अ‍ॅलर्जी. मागे असाच केक खाऊन तिचा घसा सुजला होता, श्वास कोंडला होता. तेव्हा ताईने पीठवाल्याला भेसळखोर म्हणून भर दुकानात फैलावर घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. तेव्हापासून धाकटी तिच्या हातचं फक्त पाणी प्यायची. आपल्या ताटातले घास भरवून जिला वाढवलं, ती येताना स्वतःचा डबा आणते, हे ताईच्या जिव्हारी लागलं होतं.

तिने कालवलेलं सगळं फेकून दिलं. बरणी शेजारणीला देऊन टाकली, ओटा गरम पाण्याने दोनदा धुतला आणि कपाटातून कोरं भांडं काढलं.

"माझ्या हातांचा भरवसा नाही," ती म्हणाली. "तू समोर बस. चुकले तर फटका दे."

"देते की. लहानपणचे बरेच बाकी आहेत," म्हणत धाकटीने स्टूल ओढलं.

केक निवल्यावर ताईने बशी पुढे केली. धाकटीने ती बाजूला ठेवली आणि पर्समधून सरावाचं, सुई नसलेलं इंजेक्शन काढलं. मागच्या वेळी अ‍ॅलर्जीवरचं खरं इंजेक्शन पर्समध्येच राहिलं होतं. सुईला भिणारी ताई मदतीसाठी हाका मारत रस्त्यावर धावली होती.

"आधी हे शीक. मांडीत, कपड्यावरूनच दाबून धरायचं."

"अगं, पण आज मैदा नाहीये ना."

"आज नाहीये. पण मला तुझ्याकडे नेहमी जेवायला यायचंय."

ताईने ते धाकटीच्या मांडीवर दाबलं. पहिल्यांदा तिरकं लागलं, दुसऱ्यांदा लवकर सुटलं. धाकटीने मांडी पुन्हा पुढे केली.

"मांडी हलवू नकोस," ताई म्हणाली. "पुन्हा करते."